पोलंडमधील स्त्री-आंदोलन आणि संविधान न्यायपीठ (२०१६–२०२४)

राष्ट्र आणि कुटुंब यांचे रक्षक आपणच, अशी एखाद्या बहुमतवादी पक्षाची धारणा झाली, म्हणजे स्त्रीच्या हक्कांची मागणी त्यास परकी आणि घातक वाटू लागते. पोलंडमध्ये २०१५ साली अधिकारारूढ झालेल्या ‘कायदा आणि न्याय’ पक्षाची भूमिका याच स्वरूपाची होती. तिला स्त्रियांनी केलेल्या प्रतिकाराचे बळ व मर्यादा दोन प्रसंगांच्या तुलनेने स्पष्ट होतात.

१९५६ च्या कायद्याने दिलेली गर्भपाताची मोकळीक १९९३ साली संपुष्टात आली. नव्या कायद्याने तीनच अपवाद शिल्लक ठेविले : स्त्रीच्या जीवितास वा आरोग्यास धोका, गुन्ह्यातून झालेली गर्भधारणा आणि गर्भातील गंभीर व्यंग. २०१६ साली जवळजवळ संपूर्ण बंदीचे व स्त्रीसही शिक्षा फर्मावणारे विधेयक सेयम या कनिष्ठ सभागृहापुढे आले. आइसलंडमधील स्त्रियांच्या १९७५ च्या संपाचा आदर्श समोर ठेवून ३ ऑक्टोबर रोजी पोलिश स्त्रिया काळी वस्त्रे परिधान करून, भर पावसात रस्त्यावर आल्या. तिसऱ्याच दिवशी सेयमने ३५२ विरुद्ध ५८ मतांनी ते विधेयक फेटाळले. सत्ताधारी पक्षानेही माघार घेतली.

सभागृहात जे साधले नाही, ते पुढे न्यायपीठाकरवी साधण्यात आले. २०१५ च्या अखेरीपासून संविधान न्यायपीठावरील नेमणुका सत्ताधाऱ्यांनी आपल्या हाती घेतल्या होत्या. २०१९ साली ११९ लोकप्रतिनिधींनी त्याच्याकडे अर्ज केला, आणि २२ ऑक्टोबर २०२० रोजी व्यंगाचा अपवाद घटनाबाह्य ठरला. देशातील बहुतेक विधिसंमत गर्भपात याच अपवादाखाली होत असत. साथीच्या काळातही लहानमोठ्या गावांतून प्रचंड निदर्शने झाली. त्यांमुळे निर्णयाची प्रसिद्धी २७ जानेवारी २०२१ पर्यंत लांबली. निर्णय मात्र बदलला नाही. लोकप्रतिनिधींना मतदारांची भीती होती, न्यायाधीशांना ती नव्हती.

यानंतर आंदोलनाचा रोख एका कायद्यावरून समग्र राज्यकारभाराकडे वळला. १५ ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत सुमारे ७४ टक्के मतदान होऊन सत्ताधारी पक्षाचे बहुमत गेले. तथापि, गर्भपातास साहाय्य करणाऱ्यांची शिक्षा रद्द करणारे विधेयक १२ जुलै २०२४ रोजी सेयममध्ये २१८ विरुद्ध २१५ मतांनी पडले. नव्या आघाडीतच त्याविषयी एकमत नव्हते.

तात्पर्य, विधेयक रोखण्यास तीन दिवस पुरले. न्यायसंस्थेच्या द्वारे गेलेला हक्क सत्तांतरानेही आपोआप परत आला नाही.