२८ आणि ६५ : अपोलो-१३ च्या टाकीतील एक स्विच

१/ १३ एप्रिल १९७० च्या रात्री, पृथ्वीपासून सुमारे ३,२०,००० किलोमीटर अंतरावर, अपोलो-१३ यानातील ऑक्सिजनची दुसऱ्या क्रमांकाची टाकी फुटली. जेम्स लॉव्हेल, जॅक स्वायगर्ट आणि फ्रेड हेस हे तिघे अंतराळवीर मृत्यूच्या दाढेतून परतले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या स्फोटाचे मूळ असलेल्या दोन आकड्यांची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते.

२/ टाकीत अतिशीत ऑक्सिजन असे. त्याचा दाब राखण्यासाठी आत हीटर बसवलेले होते आणि तापमान सुमारे २७ अंश सेल्सिअसवर पोहोचताच त्यांचा वीजपुरवठा तोडणारे थर्मोस्टॅट स्विच होते. यानातील वीज २८ व्होल्टची; म्हणून स्विचही २८ व्होल्टचेच.

३/ प्रक्षेपणतळावर टाकीत दाब लवकर निर्माण व्हावा म्हणून तेथील पुरवठा ६५ व्होल्टचा ठेवण्यात आला. १९६५ मध्ये तसा सुधारित तपशील टाकी बनवणाऱ्या बीच एअरक्राफ्ट या कंपनीला कळवला गेला. स्विच मात्र बदलले गेले नाहीत. मुख्य कंत्राटदार आणि नासा यांच्या तपासणीतूनही ही विसंगती निसटली.

४/ मग पुढील पाच वर्षांत काहीच कसे बिघडले नाही? कारण बंद, म्हणजे जोडलेल्या, स्विचच्या दोन टोकांमध्ये दाबाचा फरक जवळजवळ नसतोच. तो उघडू लागतो त्या क्षणी पूर्ण विद्युतदाब त्या लहानशा फटीवर येतो. टाकी नेहमी थंड असे, त्यामुळे ६५ व्होल्टवर उघडण्याची वेळ स्विचवर कधी आलीच नव्हती.

५/ ती वेळ मार्च १९७० मध्ये आली. प्रक्षेपणाच्या रंगीत तालमीनंतर ही टाकी नेहमीच्या पद्धतीने रिकामी होईना. १९६८ मध्ये ती हाताळताना सुमारे ५ सेंटिमीटर खाली आदळली होती. त्यात आतील नळी सैल झाली असावी. तेव्हा हीटर लावून ऑक्सिजन उकळून बाहेर काढायचे ठरले. हीटर सुमारे आठ तास चालले.

६/ तापमान वाढले, स्विच उघडू लागले आणि ६५ व्होल्टच्या ठिणगीने त्यांची धातूची टोके वितळून एकमेकांना चिकटली. वीज तोडण्यासाठी नेमलेला रक्षकच आता ती तोडू शकत नव्हता. हीटरच्या नळीचे तापमान काही ठिकाणी ५०० अंशांच्याही पुढे गेले असावे, असा निष्कर्ष नंतरच्या चाचण्यांतून निघाला.

७/ हे कुणाला दिसले कसे नाही? तापमापकाचे आकडे ३० अंशांच्या आतच संपत होते. त्यापुढे कितीही तापले तरी काटा तेथेच थांबलेला. हीटरच्या विद्युतप्रवाहाची नोंद तपासली असती, तर स्विच उघडलेलेच नाहीत हे कळले असते. ती तपासली गेली नाही.

८/ पंख्यांच्या तारांवरील टेफ्लॉनचे आवरण त्या उष्णतेने तडकले. टाकी पुन्हा भरली गेली आणि ११ एप्रिलला यान झेपावले. दोन दिवसांनी टाकी ढवळण्यासाठी पंखे सुरू झाले, उघड्या तारांत ठिणगी पडली आणि दाबाखालील ऑक्सिजनमध्ये टेफ्लॉन पेटले.

९/ १७ एप्रिलला तिघे प्रशांत महासागरात सुखरूप उतरले. एडगर कॉर्टराइट यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने ही साखळी कडी-कडीने उलगडली.

१०/ क्षमतेपेक्षा अधिक विद्युतदाब दिल्यावर उपकरण लगेच जळाले, तर ते आपले भाग्यच म्हणावे. निदान दोष तरी दिसतो. खरा धोका असतो तो निमूटपणे चालत राहणाऱ्या उपकरणाचा. 'इतकी वर्षे चालले' हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. कदाचित त्याच्या परीक्षेचा क्षणच अजून आलेला नसतो.