चार पेनींचा बिछाना

इ. स. १८८८ सालीं लंडनच्या पूर्व भागांत बायकांचे एकामागून एक खून पडले. खुनी सांपडला नाहीं. तो कोण असावा या तर्कवितर्कांनीं ग्रंथांचीं कपाटें भरलीं आहेत, आणि ‘जॅक द रिपर’ हें त्याचें टोपणनांव शाळकरी पोरांनाहि ठाऊक असतें. त्याच्याविषयीं मी आज बोलणार नाहीं. ज्या मेरी अ‍ॅन निकोल्सच्या खुनापासून त्या सत्राचा आरंभ सामान्यतः धरतात, तिची हकीगत मला सांगावयाची आहे.

तिचा जन्म १८४५ चा, फ्लीट स्ट्रीटजवळच्या वस्तींतला. बाप लोहारकाम करी. आसपास सारे छापखाने. अठरा वर्षांची असतांना तिनें विल्यम निकोल्स या छापखान्यांतील कामगाराशीं सेंट ब्राइड्स चर्चमध्यें लग्न केलें. पांच मुलें झालीं. पुढें पीबडी या अमेरिकन दानशूर गृहस्थाच्या निधींतून कामकऱ्यांसाठीं बांधलेल्या इमारतींत त्यांना बिऱ्हाड मिळालें, आणि तेथेंच संसार मोडला. नवऱ्यानें दारूला दोष दिला. बाप म्हणे, बाळंतपणांत सुश्रूषेस आलेल्या बाईशीं जांवयाचें सूत जमलें. दोन्ही गोष्टी खऱ्या असूं शकतात. १८८० च्या सुमारास ती वेगळी झाली. नवरा आठवड्यास पांच शिलिंग देई. ती दुसऱ्या पुरुषाबरोबर राहते असें कळल्यावर १८८२ सालीं त्यानें तेहि बंद केले. कायदा त्याच्याच बाजूचा होता.

मग वर्कहाउस. मास्तर असतांना मी या शब्दाचा अर्थ ‘अनाथगृह’ असा सांगून मोकळा होत असें. माझी ती चूक होती. दारांत पाऊल टाकतांच स्वतःचे कपडे काढून घेत आणि संस्थेचे कपडे देत. नवराबायको व मुलें वेगवेगळ्या भागांत ठेवीत. जुने दोरखंड बोटांनीं उकलण्यासारखीं कामें करावीं लागत. गरिबानें होतां होईतों तेथें येऊंच नये, हाच त्या व्यवस्थेचा हेतु होता. मेरी अ‍ॅन अनेकदां आंत गेली व बाहेर आली.

१८८८ च्या मे महिन्यांत तिला वॉन्ड्सवर्थ येथें एका घरीं मोलकरणीचें काम मिळालें. तिनें बापाला पत्र लिहिलें: जागा छान आहे, मालक मंडळी धार्मिक आहेत, दारूला शिवत नाहींत. पत्रांत आनंद आहे. दोन महिन्यांनीं साडेतीन पौंडांचे कपडे घेऊन ती तेथून पळाली. येथें माझ्यासारखा माणूस कपाळाला हात लावतो. पण तिच्या मनांत काय होतें हें तिला कोणीं विचारलें नाहीं.

त्यानंतर ती थ्रॉल स्ट्रीटवरील भाड्याच्या निवाऱ्यांत राहूं लागली. बिछान्याचें एका रात्रीचें भाडें चार पेनी. ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर तेवढे पैसे नाहींत म्हणून तिला बाहेर काढलें. आपल्या नव्या टोपीकडे बोट दाखवून, पैसे आतां मिळवून आणतें, असें ती हसत म्हणाली. अडीच वाजतां ओळखीची एलेन हॉलंड भेटली. चल माझ्याबरोबर, म्हणाली. भाड्याचे पैसे आज तीनदां मिळविले आणि खर्चून टाकले, असें सांगून मेरी अ‍ॅन एकटीच पुढें गेली. सुमारें सव्वा तासानें कामावर जाणाऱ्या एका गाडीवानास बक्स रो या रस्त्यावर तिचा देह दिसला. नुकतेंच तिला त्रेचाळिसावें वर्ष पुरें झालें होतें.

पत्रांनीं तिला वेश्या ठरविलें आणि शंभराहून अधिक वर्षें तोच शिक्का राहिला. हॅली रुबेनहोल्ड या लेखिकेनें २०१९ सालीं दाखवून दिलें कीं, त्यास भक्कम पुरावा नाहीं. मला तें पटतें.

मृतदेहाजवळ एक फणी, एक पांढरा रुमाल आणि आरशाचा तुकडा सांपडला. नांव कोठेंच नव्हतें. परकरावर मात्र लॅम्बेथ वर्कहाउसचा छाप होता. संस्थेचे कपडे कोणीं लांबवूं नयेत म्हणून मारलेल्या त्या छापावरून शोध लागला. वर्कहाउसमधील एका बाईनें तिला ओळखलें. मग बाप आला, नवराहि आला. शव पाहून त्यानें तिला क्षमा केली, असें म्हणतात. ६ सप्टेंबर रोजीं इलफर्डजवळच्या दफनभूमींत तिला पुरलें. बक्स रोचें नांवहि पुढें बदलून ड्यूरवर्ड स्ट्रीट ठेवण्यांत आलें.