डोळ्यांचा विद्यार्थी आणि कानांचा विद्यार्थी

इ. स. १८९२ सालीं पॅरिस येथील विज्ञान अकादमीपुढें एका तरुणास उभें करण्यांत आलें. त्याचें नांव झाक इनोदी. इटलीच्या पीदमाँत प्रांतांत तो लहानपणीं मेंढरें राखीत असे. अक्षरओळख त्यास विसाव्या वर्षाच्या सुमारास झाली, पण आंकड्यांशीं त्याची मैत्री त्याच्या कितीतरी आधीं जडली होती. मोठमोठ्या संख्यांचे गुणाकार-भागाकार तो मनांतल्या मनांत करी, आणि खेळ संपल्यावर आरंभापासून आलेले सर्व आंकडे ओळीनें म्हणून दाखवी. हे आंकडे त्याला डोळ्यांपुढें दिसतात काय, असें विचारल्यावर त्यानें सांगितलें कीं, ते दिसत नाहींत, ऐकूं येतात.

त्या उत्तराचे पडसाद सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं तरी घरोघर उमटत आहेत. परीक्षेंत गुण कमी पडले कीं वैद्यानें नाडी पाहून वात, पित्त, कफ ठरवावा त्याप्रमाणें मुलाची प्रकृति ठरविली जाते. थोरला पाहून शिकणारा, मधली ऐकून शिकणारी, धाकट्याला हातानें केल्याशिवाय कांहीं उमगत नाहीं, अशी वाटणी होते. आणि ज्याच्या त्याच्या प्रकृतीस मानवेल असा अभ्यास दिला म्हणजे गुण आपोआप वाढतील, अशी आशा धरली जाते. ही कल्पना आली कोठून, आणि तिनें गुण खरोखर वाढतात काय, हे दोन प्रश्न निराळे आहेत. दोहोंचींही उत्तरें इतिहासांत सांपडतात, मात्र एकाच दालनांत नव्हेत.

इंग्लंडमध्यें फ्रान्सिस गाल्टन यांनीं १८८० सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत अनेकांस विचारलेला एक साधा प्रश्न आहे. आज सकाळीं ज्या मेजावर न्याहारी केली, तें मेज मन:चक्षूंपुढें आणलें असतां किती स्पष्ट दिसतें? कोणास तें प्रत्यक्षासारखें लख्ख दिसलें, कोणास अंधुक दिसलें, आणि कित्येक शास्त्रज्ञांनीं तर असें चित्र आपणांस दिसतच नसल्याचें सांगितलें. माणसामाणसांच्या मनश्चित्रांत फरक असतो ही गोष्ट तेव्हांपासून मान्य झाली, आणि ती आजही खरी आहे.

पुढें १८८३ सालीं पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांतील विख्यात डॉक्टर झाँ मार्तें शार्को यांच्याकडे एक व्यापारी आला. पूर्वीं वाचलेलें पान जसेंच्या तसें त्याच्या डोळ्यांपुढें उभें राहत असे. ती शक्ति अकस्मात् नाहींशी झाली होती. आतां कांहीं पाठ करावयाचें तर त्यास तें मोठ्यानें म्हणावें लागे. डोळ्यांचें काम त्यानें कानांवर सोपविलें होतें. अशा उदाहरणांवरून शार्को यांनीं स्मृतीचे तीन वर्ग सांगितले: दृष्टीवर चालणारी, श्रवणावर चालणारी व हालचालीवर चालणारी. आज पालकांच्या तोंडीं असलेली त्रिविध वाटणी ती हीच. तिचा उगम शाळेंत झाला नाहीं, रुग्णालयांत झाला.

इनोदी याची परीक्षा आल्फ्रेद बिने यांनीं केली, ती शार्को यांच्याच सांगण्यावरून. त्यांनीं त्याच्या जोडीला पेरिक्लिस डायमंडी नांवाचा दुसरा गणिती घेतला. यास आंकडे आपल्याच हस्ताक्षरांत लिहिल्यासारखे दिसत. एक कानांचा, दुसरा डोळ्यांचा. जोडी अशी जमली कीं, १८९४ सालच्या बिने यांच्या ग्रंथानें ती जगभर प्रसिद्ध झाली. पण त्याच परीक्षेंत आढळलेली एक गोष्ट मागें पडली. इनोदी याची आंकड्यांची स्मृति अचाट होती, परंतु अक्षरांची व वाक्यांची अगदीं सामान्य होती. त्याचें सामर्थ्य कानांत असतें, तर कानांवर पडलेलीं अक्षरेंही तितकींच टिकावयास हवीं होतीं. तीं टिकलीं नाहींत. लहानपणापासून अखंड चाललेल्या आंकड्यांच्या सरावाचें तें फळ होतें. नवलाच्या माणसाकडे पाहतांना लोकांनीं त्याचा कान पाहिला आणि त्याचा सराव पाहिला नाहीं.

ही कल्पना विसाव्या शतकांत वर्गांत शिरली. आरंभीं तिचें रूप हितकारक होतें. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोममध्यें उघडलेल्या बालगृहांत मुलें खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत. अमेरिकेंत ग्रेस फर्नाल्ड यांनीं १९४३ सालच्या ग्रंथांत वाचनांत मागें पडलेल्या मुलांसाठीं पाहणें, ऐकणें, उच्चारणें व गिरविणें यांचा मेळ घातला. या दोघींनीं मुलांना एकेका इंद्रियाच्या खात्यांत टाकलें नव्हतें. एकाच मुलापुढें सर्व इंद्रियांचीं दारें उघडलीं होतीं. दारें वांटून देण्याचा प्रकार नंतरचा. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनीं १९९२ सालीं एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेली प्रश्नावली त्यांपैकीं फार लोकप्रिय झाली; पाहणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे व करून पाहणारे असे चार वर्ग तिच्यांत आहेत. अशा वर्गीकरणांचें पीक इतकें आलें कीं, २००४ सालीं इंग्लंडमध्यें फ्रँक कॉफील्ड व त्यांचे सहकारी यांनीं मोजणी केली तेव्हां त्यांस तीं ७१ आढळलीं.

आतां दुसरा प्रश्न. विभागणीनें गुण वाढतात, हें पाहावें कसें? ‘डोळ्यांच्या’ विद्यार्थ्यांपैकीं निम्म्यांना चित्रांनीं व निम्म्यांना भाषणानें शिकवावें. ‘कानांच्या’ विद्यार्थ्यांचेही तसेच दोन भाग करावे. मग सर्वांची एकच परीक्षा घ्यावी. डोळ्यांच्यांना चित्रांनीं आणि कानांच्यांना भाषणानें अधिक लाभ झाला, तरच विभागणी उपयोगाची. चित्रांनीं सर्वांचाच लाभ झाला, तर चित्रें चांगलीं होतीं, एवढेंच सिद्ध होतें. हॅरल्ड पॅशलर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनीं २००८ सालीं या कसोटीवर तोंवरचें सारें संशोधन घांसून पाहिलें. कसोटीस उतरतील असे प्रयोगच फार थोडे निघाले, आणि त्यांतील कित्येकांचा निर्णय कल्पनेच्या उलट होता. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत प्रौढांपैकीं कोणास एका पुस्तकाचा भाग वाचावयास व कोणास ऐकावयास दिला. ज्याची त्याची आवड आणि ज्याच्या त्याच्या लक्षांत राहिलेला मजकूर यांचा संबंध जुळला नाहीं. आवड खरी असते; पण आवडीचा मार्ग म्हणजे गुणांचा मार्ग, असें ठरलें नाहीं.

या चुकीची किंमत मोजतो तो मूल. मुलगी ऐकून शिकणारी, असें एकदां घरांत ठरलें कीं, तिनें नकाशा चाळला नाहीं तरी कोणी टोकीत नाहीं. फळ्यावरचें वाचतांना अडखळणारा मुलगा ‘कानांचा’ ठरतो, आणि त्यास वास्तविक चष्म्याची गरज आहे हें ध्यानांत येण्यास दोन वर्षें जातात. दृष्टि मंद असणें, ऐकूं कमी येणें, अक्षरांची अदलाबदल होणें, या अडचणी खऱ्या आहेत व त्यांस खरे उपाय आहेत. त्यांवर शैलीचें नांव चिकटविलें कीं उपाय लांबतो. आणि सर्वांत मोठी हानि ही कीं, अवघड विषय आपल्या प्रकृतीचा नव्हे, अशी समजूत मूल स्वत:च करून घेतें.

गुण वाढविण्याचा इतिहास खरा घडला तो दुसऱ्या दालनांत. तेथें जर्मनीचे हर्मन एबिंगहाउस एकटेच बसलेले दिसतात. दोन व्यंजनांमध्यें एक स्वर घालून त्यांनीं सुमारें २,३०० निरर्थक अक्षरसमूह तयार केले, त्यांच्या माळा स्वत:च पाठ केल्या आणि विसरल्यावर त्या पुन्हां पाठ करण्यास किती श्रम वांचतात, हें मोजलें. १८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाप्रमाणें वीस मिनिटांनीं शेंकडा ५८, एका दिवसानें ३४ व एकतीस दिवसांनीं २१ इतके श्रम वांचले. म्हणजे विसरण्याचा मोठा घाला पहिल्याच दिवशीं पडतो. पुढें त्याचा वेग मंदावतो. दुसरी गोष्ट याहूनही मोलाची. एकाच दिवशीं ६८ आवृत्त्यांनीं जें साधलें, तेंच तीन दिवसांत वाटून दिलेल्या ३८ आवृत्त्यांनीं साधलें. श्रम जवळजवळ निम्मे, फळ तेंच. परीक्षेच्या आदल्या रात्रीं दिवा जाळणाऱ्या विद्यार्थ्यास याहून स्पष्ट उपदेश कोणी केलेला नाहीं.

अमेरिकेंतील आर्थर गेट्स यांनीं १९१७ सालीं शाळेंतल्या मुलांवर प्रयोग करून दाखविलें कीं, ठराविक वेळ नुसत्या वाचनांत घालविण्यापेक्षां त्यांतील निम्म्याहून अधिक भाग न पाहतां म्हणून पाहण्यांत घालविला, तर अधिक लक्षांत राहतें. १९३९ सालीं हर्बर्ट स्पिट्झर यांनीं आयोवा राज्यांतील ३,६०५ मुलांना बांबूविषयींचा एक लेख वाचावयास दिला. वाचल्यावर लौकरच ज्यांची परीक्षा झाली, त्यांच्या स्मरणांत कित्येक आठवड्यांनींही इतरांहून पुष्कळ अधिक उरलें होतें. परीक्षा हें केवळ माप नव्हे, तें खतही आहे, असा याचा अर्थ.

मग हें ज्ञान घरोघर कां पोंचलें नाहीं? याचें कारण २००६ सालीं हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांनीं केलेल्या प्रयोगांत दिसतें. एका गटानें तोच उतारा चार वेळां वाचला. दुसऱ्यानें एकदां वाचून तीन वेळां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणाऱ्यांना शेंकडा ८३ व आठवणाऱ्यांना ७१ भाग आठवला. आठवड्यानें मात्र पारडें फिरलें: वाचणाऱ्यांचे ४०, आठवणाऱ्यांचे ६१. पुन:पुन्हां वाचल्यानें मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीस विद्यार्थी ज्ञान समजतो. आठवणें कष्टाचें असल्यानें तें अपयशासारखें वाटतें. पण तोच कष्ट स्मृतीचें मूळ खोल नेतो. सोपा वाटणारा मार्ग मुलास आवडतो, आणि शैलीची कल्पना त्या आवडीवर शास्त्राचा शिक्का मारते. तिच्या लोकप्रियतेचें रहस्य यांतच असावें.

हे प्रयोग परदेशचे असले तरी त्यांतलें तत्त्व महाराष्ट्रास नवें नाहीं. वेदपाठशाळेंत गुरुजींनीं संथा द्यावी, शिष्यांनीं मागून म्हणावें, आणि मग पुस्तकाविना म्हणून दाखवावें, हा क्रम होता. जटापाठांत पहिलें पद व दुसरें, मग दुसरें व पहिलें, पुन्हां पहिलें व दुसरें, अशी पदें उलटसुलट गुंफावीं लागत. ओळखीच्या ओघांत वाहून जाण्यास तेथें जागाच नव्हती. पंतोजींच्या शाळेंत मूल धुळाक्षरें बोटानें गिरवी, डोळ्यांनीं पाही व मोठ्यानें उच्चारी. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी रोजच्या रोज परवच्यांत फिरून येत. हा डोळ्यांचा, तो कानांचा, अशी निवड पंतोजींनीं केली नाहीं. त्या शाळेंत दोषही होतेच. छडी होती, आणि अर्थावांचून घोकणें होतें. त्यावर सुधारकांनीं केलेली टीका रास्त होती. परंतु घोकंपट्टी टाकतांना आवृत्ति व परवचा हींही टाकलीं गेलीं. अर्थ आधीं समजावा आणि मग आठवून पाहावें, एवढी दुरुस्ती केली असती तर पुरे होतें.

डोळे, कान व हात यांना अभ्यासांत स्थान आहेच. मात्र तें विषय ठरवितो, मुलाची प्रकृति नव्हे. नद्यांचीं खोरीं नकाशावर पाहावयाचीं असतात, वृत्त कानानें ओळखावयाचें असतें, आणि परीक्षानळी हातांत धरल्यावांचून रसायनशास्त्र कळत नाहीं. हें प्रत्येक मुलास लागू आहे. पालकांनीं करावयाचें तें फार थोडें आहे. प्रकरण वाचून व समजून झाल्यावर पुस्तक मिटवावें, आठवेल तें पाटीवर किंवा वहींत लिहवावें, मग पुस्तक उघडून चूक मुलाकडूनच दुरुस्त करवावी. तेंच दुसऱ्या दिवशीं, तेंच चार दिवसांनीं, तेंच पंधरवड्यानें पुन्हां विचारावें. पहिल्या दिवशीं पुष्कळ चुकेल. त्यानें रागावूं नये, कारण चुकत आठवणें हाच अभ्यास.

इनोदी यास विज्ञान अकादमींत नेणारी वाट कानांतून गेली नव्हती. मेंढरांमागें फिरतांना त्यानें वर्षानुवर्षें आंकडे मनांत आळविले, तीच त्याची शाळा होती. तें दार प्रत्येक मुलास उघडें आहे. त्यावर ‘तुझ्या प्रकृतीचें नव्हे’ अशी पाटी मात्र कोणी लावूं नये.