पहिल्या वर्षाचा हिशोब

कुठल्याही नव्या टीमचा पहिला सीझन संपला की दोन प्रकारचे लोक बोलायला लागतात. एक म्हणतात, "अहो, पहिलंच वर्ष आहे, चालायचंच." दुसरे म्हणतात, "सगळ्यांना हाकला आणि नवीन आणा." गंमत म्हणजे दोघंही एकच कागद बघत असतात, तो म्हणजे गुणतक्ता. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. टीमनं पहिल्या वर्षातून काय ओळखलं, हे गुणतक्त्यात दिसत नाही. ते दिसतं त्यानंतरच्या भरतीत. आपण आयटीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रोजेक्ट फसलं यापेक्षा, फसल्यावर कंपनीनं कोणाला घेतलं यावरून कंपनी कळते. :-)

उदाहरण आपल्याच राज्यातलं घेऊ. प्रो कबड्डी लीग 26 जुलै 2014 ला मुंबईत वरळीला सुरू झाली. आठ टीम होत्या, त्यातल्या दोन महाराष्ट्राच्या: यू मुंबा आणि पुणेरी पलटण. म्हणजे प्रयोगशाळेत करावा तसा प्रयोग! राज्य एक, खेळ एक, वर्ष एक, लिलावही एकच. त्या पहिल्या लिलावात प्रत्येक टीमला खर्चाला 60 लाखांची मर्यादा होती. सगळ्यात महाग गेला राकेश कुमार. त्याच्यासाठी पाटणा पायरेट्सनं 12 लाख 80 हजार मोजले. आयपीएलच्या हिशोबात ही चिल्लर झाली, पण कबड्डीसाठी तोवर न ऐकलेला आकडा होता. तोपर्यंत कबड्डीपटूचं स्वप्न म्हणजे स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत, पोलिसात, बँकेत किंवा एअर इंडियात चिकटणं. आपल्या भुसावळ-जळगावकडे तर 'रेल्वेत लागला' म्हणजे पोऱ्याचं कल्याण झालं!

निकाल काय लागला? यू मुंबा थेट फायनलला. 31 ऑगस्ट 2014 ला जयपूर पिंक पँथर्सनं त्यांना 35-24 असं हरवलं खरं, पण पुढच्याच वर्षी ते चॅम्पियन झाले आणि तिसऱ्या सीझनमध्ये परत फायनलला गेले. पहिल्या तीन सीझनमध्ये तीन फायनल. आणि पुणेरी पलटण? पहिल्या सीझनमध्ये शेवटचा नंबर. दुसऱ्या सीझनमध्येही शेवटचाच.

इतका फरक का पडला? माझ्या मते उत्तर कबड्डीच्या रचनेतच आहे. चढाई एकट्याची असते, पण पकड सात जणांची असते. दोन कोपरे, दोन कव्हर, मध्ये साखळी... कोण कधी पुढे झेपावणार आणि कोण मागून आधार देणार हे बोलून ठरत नाही, सवयीनं ठरतं. चढाईपटू लिलावात विकत मिळतो, साखळी मिळत नाही. यू मुंबाकडे अनुप कुमारसारखा थंड डोक्याचा कर्णधार होता. तो चढाईला गेला तरी धावताना दिसायचा नाही, मोजताना दिसायचा. कोच होते ई. भास्करन. बरोबर रिशांक देवाडिगा, विशाल माने यांच्यासारखी मुंबईच्या कार्यालयीन कबड्डीत घासून निघालेली पोरं होती. म्हणजे ही टीम नवी होती, पण तिच्यातल्या सवयी जुन्या होत्या.

आता थोडं बाहेर जाऊ. पहिल्या सीझनचा हिशोब नीट मांडल्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण सायकलिंगमधलं आहे, ब्रिटनच्या टीम स्कायचं. ही व्यावसायिक टीम 2010 मध्ये रस्त्यावर उतरली. पैसा भरपूर, घोषणा त्याहून मोठी: पाच वर्षांत ब्रिटिश सायकलपटू टूर द फ्रान्स जिंकणार. ब्रॅडली विगिन्सला गार्मिन टीमकडून करार मध्येच सोडवून आणलं. सुरुवात झकास झाली. जानेवारीत ऑस्ट्रेलियातली पहिलीच शर्यत ग्रेग हेंडरसननं जिंकली, फेब्रुवारीत फ्लेचानं बेल्जियममधली एक मोठी शर्यत मारली, मे महिन्यात विगिन्सनं इटलीच्या जिरोचा सलामीचा टप्पा जिंकला. आणि जुलैत, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या टूरमध्ये, विगिन्स 24 वा! सप्टेंबरमध्ये स्पेनच्या शर्यतीदरम्यान टीमचे मालिशकार चेमा गोन्झालेझ जंतुसंसर्गानं गेले आणि टीमनं ती शर्यत अर्धवट सोडली. वाईट वर्ष.

मग त्यांनी काय केलं? थोडी भरती केली. डोंगरात कर्णधाराबरोबर टिकतील असे मायकेल रॉजर्स आणि रिगोबेर्तो उरान आणले. पण मला जास्त आवडते ती दुसरी गोष्ट. टिम केरिसन नावाचा एक ऑस्ट्रेलियन जलतरण प्रशिक्षक त्यांनी घेतला होता. सायकलिंगशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. 2010 चं पूर्ण वर्ष त्यानं एका कॅम्पर व्हॅनमधून शर्यतींच्या मागे फिरत फक्त बघण्यात आणि आकडे गोळा करण्यात घालवलं. त्याच्या आकड्यांवरून पुढचं प्रशिक्षण बदललं. 2012 मध्ये विगिन्सनं टूर जिंकली, पाचऐवजी तिसऱ्याच वर्षी. आणि दुसरा आला त्यांचाच ख्रिस फ्रूम. हा फ्रूम पहिल्या सीझनपासून टीममध्येच होता, फारसं कोणी लक्ष देत नव्हतं इतकंच! पुढे त्यानं चार वेळा टूर जिंकली. ज्या माणसाला बाहेर शोधत होते तो घरातच बसला होता.

(ही टीम धुतल्या तांदळाची होती असं मात्र समजू नका. तिच्यातल्या औषधांच्या वापरावर 2018 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीनं कडक ताशेरे ओढले, आणि तिच्या माजी डॉक्टरवर 2021 मध्ये टेस्टोस्टेरॉन मागवल्याचा ठपका ठेवला गेला. त्यामुळे विजयाचं सगळं श्रेय केरिसनच्या वहीला देता येत नाही. पण पहिलं वर्ष कसं तपासावं, एवढ्यापुरता धडा घ्यायला हरकत नाही.)

परत पुण्यात येऊ. दोन सीझन तळाला राहिल्यावर पलटणनं आपल्या भाषेत 'लॅटरल हायरिंग' केलं. मनजीत छिल्लर, अजय ठाकूर, दीपक हुडा असे तयार खेळाडू घेतले. परिणाम लगेच दिसला. 2016 मधल्या दोन्ही सीझनमध्ये तिसरा नंबर. तळातून थेट तिसरा! कोणीही म्हणेल, झालं की काम. पण तिथेच गाडी अडकली. फायनल काही येईना. स्टार आले, गेले, कर्णधार बदलले. 2019 मध्ये तर अनुप कुमारलाच कोच म्हणून आणलं, ज्यानं मुंबईला पहिल्या तीन सीझनमध्ये तीन फायनल दाखवल्या त्याला. त्या सीझनमध्ये बारा टीममध्ये पलटण दहावी. तयार माणसं आणून भोक बुजतं, भिंत उभी राहत नाही, हे इथे स्पष्ट दिसतं.

पण त्याच 2019 मध्ये पंकज मोहिते नावाचा एक पोरगा टीममध्ये आला. त्याच्या पुढच्या सीझनमध्ये अस्लम इनामदार आणि मोहित गोयत आले. मग आकाश शिंदे. लिलावात यांच्यावर कोणी कोटी उधळले नव्हते. ही सगळी 'फ्रेशर' मंडळी. पलटणनं त्यांना सांभाळलं, एकत्र खेळवलं आणि मुख्य म्हणजे हरल्यावर विकून टाकलं नाही. बी. सी. रमेश यांच्यासारखा जाणता कोच आणला. डिसेंबर 2022 मध्ये पलटण पहिल्यांदा फायनलला गेली आणि जयपूरकडून 33-29 अशी हरली. पुढच्या सीझनमध्ये अस्लम कर्णधार झाला, आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादला हरयाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पलटण चॅम्पियन! पहिल्या सीझनच्या शेवटच्या नंबरापासून इथपर्यंत यायला साडेनऊ वर्षं लागली.

इथे कोणी म्हणेल, अरे पण त्या वर्षी त्यांनी इराणच्या शादलूईला 2 कोटी 35 लाखांना घेतलं होतं, ते विसरलास का? नाही विसरलो. उलट तोच माझा मुद्दा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई फायनलमध्ये शादलूई इराणकडून भारताविरुद्ध खेळला, आणि लगेच दोन-तीन दिवसांत पलटणनं त्याला उचललं. पण तेव्हा साखळी आधीच तयार होती, फक्त एक कडी हवी होती. 2016 मध्ये साखळी नव्हती, नुसत्या कड्या होत्या. महागडा माणूस शेवटी आणायचा की आधी, यातच सगळं आलं.

आता आपल्या खान्देशाबद्दल थोडं, कारण हे सगळं लिहिताना डोक्यात तेच होतं. अस्लम नगर जिल्ह्यातला, आकाश नाशिकचा. दोघंही हांगझोला सुवर्णपदक जिंकलेल्या भारताच्या टीममध्ये होते. म्हणजे पुण्याच्या टीमची जाळी नगर-नाशिकपर्यंत पोचली आणि तिला थेट इंडियाचे खेळाडू मिळाले. नाशिकच्या पुढे चांदवड, मालेगाव ओलांडलं की धुळं येतं, तिथून पुढे जळगाव.  शिरपूर, साक्री, चोपडा, यावल... तालुक्या-तालुक्याला काळ्या मातीत कबड्डी खेळणारी पोरं आहेत. पण राज्याच्या कबड्डीचा ओढा पहिल्यापासून मुंबई, पुणे, कोकण आणि सांगली-कोल्हापूरकडे. आमच्याकडच्या पोऱ्यानं मॅटवर पाय ठेवण्याआधी महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडून पुण्याला यायचं, खोली घ्यायची, मेसचे पैसे भरायचे. इंजिनीअरिंगच्या पोरांना हे परवडतं, कारण बाप कर्ज काढतो. कबड्डीसाठी कोण काढणार?

म्हणून पलटणला किंवा यू मुंबाला भरतीत काय कमी आहे असं मला कोणी विचारलं, तर मी कोपरारक्षक किंवा तिसरा चढाईपटू असलं उत्तर देणार नाही. एक मॅट, एक प्रशिक्षक आणि वही घेऊन बघत बसणारा एक माणूस, एवढं वर्षभर धुळ्यात ठेवा असं सांगेन. शादलूईच्या किमतीच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे. पहिल्या वर्षी काहीच मिळणार नाही, दुसऱ्या वर्षीही कदाचित नाही. पण पहिल्या दोन वर्षांत काहीच न मिळणं म्हणजे काय असतं, आणि त्यानंतर काय होऊ शकतं, हे पलटणपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?