मिश्रक, वायुचालित
संपीडित (दाबाखालील) हवेवर फिरणाऱ्या चलित्राने दाट व चिकट पदार्थ एकजीव करणारे यंत्र. रंगलेप, रोगण, छपाईची शाई, आसंजके (चिकटविणारे पदार्थ) व राळा यांच्या निर्मितीत ते वापरतात.

पूर्वपीठिका : दाट पदार्थ एकजीव करण्याची गरज यंत्रयुगाहून जुनी आहे. महाराष्ट्रात बांधकामाचा चुना घाणीत मळला जाई. वर्तुळाकार दगडी चरात चुनखडीची भाजून विरवलेली कळी व वाळू टाकून त्यांवरून बैलांच्या साहाय्याने जड दगडी चाक फिरवीत. चुन्यात गूळ, हिरडा इत्यादींचे पाणी घालण्याचीही प्रथा होती. केंजळगडासारख्या किल्ल्यांवर अशा घाणीचे अवशेष आढळतात. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ मंदिराचा खालचा भाग हेमाडपंती घडीव दगडांचा, तर वरचा उत्तरकालीन व चुन्याने लिंपलेला आहे. विसाव्या शतकात सिमेंटचा प्रसार झाल्यावर घाणी मागे पडली. तिच्यातील तत्त्व मात्र कायम राहिले : दाट पदार्थ वेगाने घुसळून नव्हे, तर सावकाश व जोराने मळून एकजीव होतो.

यांत्रिक विकास : पाण्यासारख्या द्रवात संक्षोभी (भोवरेयुक्त) प्रवाहामुळे मिश्रण आपोआप घडते. दाट पदार्थातील प्रवाह स्तरीय असतो. त्यामुळे पात्याने पदार्थाच्या प्रत्येक भागापर्यंत पोहोचावे लागते. याकरिता नांगराच्या आकाराची वा मळसूत्री फितीसारखी पाती वापरतात. जर्मनीत वेर्नर व फ्लायडरर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन पात्यांचे मळणीयंत्र प्रचारात आणले. स्तरीय प्रवाहात वेग कायम ठेवून श्यानता (दाटपणा) दुप्पट झाल्यास लागणारी शक्तीही दुप्पट होते.

संपीडित हवेचे सामर्थ्य आल्प्समधील माँ सनी बोगद्याच्या कामात (1857–71) प्रकर्षाने दिसून आले. झेर्मॅं सॉमेये यांची हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे तेथे 1861 पासून वापरली गेली. पुढे खाणी व कारखाने यांत अशी हत्यारे रूढ झाली. खुद्द हवेचे बुडबुडे सोडून दाट राडा ढवळण्याची पाचुका टाकी ही याच विचाराची दुसरी शाखा होय. जादुगुडा येथील युरेनियम प्रक्रियेत तिचा उपयोग करण्यात आला. रंगलेपात मात्र बुडबुडे हा दोष ठरतो, म्हणून तेथे हवा पदार्थात न सोडता ती चलित्रास पुरवितात.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबईत लोअर परळ येथे 1920 मध्ये गहागन पेंट्स ही कंपनी (नंतरची नेरोलॅक) व 1942 मध्ये एशियन पेंट्स सुरू झाली. संपीडकांच्या निर्मितीत पुणे पुढे आले. तेथे 1958 मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी स्थापन झाली. ॲटलास कॉप्को या स्वीडिश कंपनीने भारतातील कार्य 1960 मध्ये सुरू केले व पुण्यानजीक दापोडी येथे कारखाना उभारला. मिश्रकास लागणारी संपीडित हवा अशा रीतीने देशी यंत्रांतून मिळू लागली.

रचना व कार्य : हवा प्रथम गाळणी, दाबनियंत्रक व वंगणपात्र यांतून जाते. तिचा दाब सामान्यतः दर चौ. सेंमी.स 6 ते 7 किग्रॅ. असतो. चलित्रातील परिभ्रमक कवचात केंद्राबाहेर बसविलेला असून त्याच्या खाचांत सरकत्या पट्ट्या असतात. हवा त्यांवर दाब देऊन प्रसरण पावते व परिभ्रमक फिरू लागतो. दंतचक्रांनी वेग कमी करून पात्यास मिळणारा पीळ वाढवितात. वेग झडपेने बदलता येतो. पदार्थ फार घट्ट होऊन पाते अडकले, तरी चलित्र जळत नाही, केवळ थांबते.

गुणदोष : रंगलेपातील विद्रावकांच्या वाफा ज्वालाग्राही असतात. साध्या विद्युत् चलित्रातील ठिणगीने त्या पेट घेऊ शकतात. 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या 37 व्या कलमात अशा वाफा व धूळ यांबाबत खबरदारी बंधनकारक केली होती. वायुचलित्रात विद्युत् ठिणगी उद्‌भवत नाही, हा त्याचा प्रमुख गुण होय. तथापि, स्थिर विद्युत् साचू नये म्हणून पात्र व दंड भूसंपर्कित करावे लागतात. संपीडकास दिलेल्या ऊर्जेपैकी उपयुक्त कार्य बहुधा 10 ते 15 टक्केच मिळते. गळती झाल्यास ते आणखी घटते. यामुळे जेथे आगीचा धोका नाही तेथे विद्युत् मिश्रकच किफायतशीर ठरतो. जेथे कामगाराच्या जिवाचा प्रश्न आहे तेथे हा वाढीव खर्च योग्य मानला जातो.