फुलराणीची भाषा, आणि आपली

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मुलींनी सगळ्यात जास्त वेळा केलेला नाटकातला उतारा कोणता? माझं मत विचाराल तर 'ती फुलराणी'मधलं मंजुळाचं स्वगत. लातूर-उदगीरपासून पार मुंबईपर्यंत, एकपात्री स्पर्धा म्हटली की एक तरी मंजुळा असणारच. पण ती मंजुळा जिने पहिल्यांदा उभी केली त्या भक्ती बर्वेंबद्दल आपल्या वयाच्या लोकांना फारसं माहीत नसतं. म्हणून आजचा हा लेख.

भक्ती बर्वेंचा जन्म १९४८चा, सांगलीचा. सुधा करमरकरांच्या 'लिटल थिएटर'मध्ये, म्हणजे बालनाट्यात त्यांची सुरुवात झाली. पुढे आकाशवाणीवर निवेदन केलं. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि त्या सुरुवातीच्या काळात निवेदिका, वृत्तनिवेदिका म्हणून त्या घराघरात पोचल्या. तेव्हा चॅनल एकच! त्यामुळे टीव्हीवरची बाई जी बोलेल तीच 'शुद्ध' मराठी, असा सगळ्यांचा समज. थोडक्यात, शुद्ध बोलणं हा त्यांचा पेशाच होता.

आणि मग १९७५ साली पु. ल. देशपांड्यांचं 'ती फुलराणी' आलं. इंडियन नॅशनल थिएटरची निर्मिती. मूळ नाटक बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन', १९१३ सालचं. गोष्ट साधीच आहे. एक भाषातज्ज्ञ प्रोफेसर पैज लावतो, की या गावंढळ बोलणाऱ्या फुलवालीला शिकवून मी उच्चभ्रू लोकांत खपवून दाखवीन. मराठीत प्रोफेसर होते सतीश दुभाषी आणि फुलवाली भक्ती बर्वे.

आता यातली गंमत बघा. या भूमिकेत नटीला एका रात्रीत तीन भाषा बोलाव्या लागतात. आधी रस्त्यावरची रांगडी. मग मधली, जिथे उच्चार सुधारलेत पण बोलण्याचे विषय अजून वस्तीतलेच आहेत (सगळ्यात जास्त हशा इथेच पिकतो). आणि शेवटी अस्खलित. यातली तिसरी भाषा बर्वेंना रोजची होती. अवघड होती ती पहिली. बातम्या देणाऱ्या बाईने रांगडं बोलायचं, म्हणजे सोंग वाटण्याचा धोका मोठा. त्यांनी मंजुळाची टिंगल केली नाही. तिचा राग खरा ठेवला. त्या प्रसिद्ध स्वगतात ती प्रोफेसरवर सूड उगवायची स्वप्नं रंगवते तेव्हा आपण हसतो, पण हसतो ते तिच्या बाजूने. तोवर आपण तिच्या उच्चारांना हसत होतो, आणि इथून पुढे हसू प्रोफेसरवर उलटतं. माझ्या मते विनोदी नटीचं सगळं कसब इथे आहे, की लोकांनी कोणाला हसायचं हे ती ठरवते.

हे मला इतकं का भिडतं ते सांगतो. आम्ही देवणीकडचे. कर्नाटकची हद्द हाकेवर. बोलण्यात मराठी, कानडी, दखनी सगळं मिसळलेलं. पुण्यात पहिल्या नोकरीत मी फोनवर "यायलालो, यायलालो" म्हटलं आणि अख्खा क्युबिकल फुटला. पुढे आठवडाभर जो तो "काय करलालास?" विचारत होता. कोडमध्ये बग निघाला असता तर इतकी चर्चा झाली नसती! सहा महिन्यांत माझं 'पानी'चं 'पाणी' झालं. आता सुट्टीला गावी गेलो की मित्र म्हणतात, "लई पुणेरी झालास की बे." म्हणजे ना इकडचा, ना तिकडचा. शॉच्या फुलवालीचा शेवटचा प्रश्न हाच तर आहे: शिकवलंत खरं, पण आता मी जाऊ कुठे?

म्हणूनच बर्वेंनी दूरदर्शनच्या 'बहिणाबाई' या चित्रपटात बहिणाबाई चौधरींची भूमिका केली, याचं मला विशेष वाटतं. ज्या दूरदर्शनवर शुद्ध मराठीचं माप ठरत होतं, तिथेच खानदेशी बोलीतली ही कवयित्री त्याच निवेदिकेने उभी केली.

बाकी कामही थोडं नाही. 'आई रिटायर होतेय', 'हँड्स अप', 'रातराणी'. 'गांधी विरुद्ध गांधी'मध्ये कस्तुरबा (लेखक अजित दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी दोघेही आपल्या औरंगाबादच्या रंगभूमीवरचे, हे मुद्दाम सांगतो). हिंदीत 'जाने भी दो यारो' (१९८३) मधली 'खबरदार'ची संपादक शोभा सेन आठवते ना? तीच ही. १९९० साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचे पती म्हणजे 'ये जो है जिंदगी'वाले शफी इनामदार. ते १९९६ साली गेले.

अजून एक. याच शॉच्या नाटकाचं गुजराती रूप 'संतू रंगीली'. त्यातली संतू गाजवली सरिता जोशींनी, ज्या मूळच्या पुण्याच्या मराठी घरातल्या! मराठी मुलीने गुजराती रंगभूमीवर जाऊन 'भाषा शिकणारी मुलगी' करावी, यापेक्षा योग्य पात्रनिवड कोणती?

१२ फेब्रुवारी २००१. वाईचा कार्यक्रम आटोपून मुंबईला परतताना एक्सप्रेसवेवर भाताण बोगद्याजवळ गाडीला अपघात झाला आणि भक्ती बर्वे गेल्या. वय अवघं ५२. आपण शुक्रवारी-रविवारी ज्या रस्त्याने ये-जा करतो, तोच रस्ता.

त्यांच्यानंतर प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष यांनी मंजुळा केली. २०२३ साली 'फुलराणी' सिनेमाही आला. पण यूट्यूबवर बर्वेंच्या स्वगताची जुनी क्लिप आहे, तेवढी बघाच. प्रिंट यथातथाच, आवाज मात्र खणखणीत. आणि ऑफिसात कोणी नवीन पोरगं नांदेड-लातूरकडचं आलं, तर त्याच्या "यायलालो"ला हसण्याआधी ती क्लिप एकदा आठवा. तोही मनातल्या मनात एखादं स्वगत म्हणत असेल!