पंप केव्हा घ्यावा? दम्याच्या औषधाचा सत्तर वर्षांचा इतिहास

१/ वरणगाव असो वा भुसावळ, दम्याच्या पंपाविषयी एक समज सर्रास ऐकू येतो: ‘दम लागला तरच घ्यावा, रोज घेतला तर सवय लागते.’ मित्रहो, हा समज इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहू.

२/ दमा आपल्या वैद्यकाला नवा नाही. चरकसंहितेत तो ‘तमकश्वास’ म्हणून येतो. धोतऱ्याचा धूर ओढण्याचा उपाय १८०२ च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनला पोहोचला. मोजून मात्रा देणारा पहिला पंप मात्र १९५६ सालचा, अमेरिकेतील रायकर कंपनीचा.

३/ दम्यात श्वासनलिकेचे स्नायू आवळतात आणि आतले अस्तर सुजते. त्या काळच्या पंपांतील आयसोप्रिनालीन स्नायू सैल करी. सूज तशीच राही. रुग्णाला मिनिटांत बरे वाटे, आजार मात्र आत वाढत राही.

४/ १९६० च्या दशकात इंग्लंड-वेल्समध्ये तरुण दमेकऱ्यांचे मृत्यू अचानक वाढले. तिथे पंप चिठ्ठीविना मिळत. एक प्रकार तर पाचपट तीव्र होता. १९६७ मध्ये डॉक्टरांना इशारा गेला, १९६८ मध्ये चिठ्ठी सक्तीची झाली. मृत्यू घटले. दोष औषधाचा, की पंपाच्या भरवशावर उपचारांना झालेल्या उशिराचा, हा वाद पुढेही चालला.

५/ १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये बेक्लोमेथासोन हे सूज उतरवणारे स्टिरॉइड पंपातून आले. त्याने तत्काळ आराम पडत नाही. गुण येतो तो नियमाने घेतल्यावर. त्याच दशकात मुंबईच्या सिप्लाने भारतात पंप आणले.

६/ १९९० मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांना आढळले की फेनोटेरॉल हे आराम देणारे औषध रोज घेण्यापेक्षा गरजेपुरते घेतल्यास बहुतेकांचा दमा अधिक आटोक्यात राहतो. उलट, २००० सालच्या कॅनडातील अभ्यासात नियमित स्टिरॉइड घेणाऱ्यांत दम्याचे मृत्यू कमी दिसले.

७/ म्हणजे ‘रोज की गरजेपुरता’ याचे उत्तर पंपात कोणते औषध आहे यावर ठरते. २०१९ पासून ‘जिना’ ही जागतिक दमा-संस्था सांगते: प्रौढ व किशोरांनी केवळ आरामाच्या पंपावर विसंबू नये, गरजेपुरता घ्यायचा पंपही स्टिरॉइडयुक्त असावा.

८/ सवयीचे भय आपण बाळगले ते रोजच्या पंपाचे. इतिहासात घात झाला तो आरामाच्या पंपावरील आंधळ्या भरवशाने. तेव्हा घरातल्या पंपावरचे नाव वाचा, डॉक्टरांना विचारा. आणि रोजचा पंप परस्पर बंद करू नका.